झिंक फेराइट चुंबकाला चिकटतंय, पुस्तक म्हणतं चिकटायला नको. नेमकं काय तयार झालं?

तुमसर_एमएस्सी

नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी इनऑरगॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला धातूंची मिश्र ऑक्साइडं घेतली आहेत. दोन ऑक्साइडं खलून १००० अंशांच्या वर तासन्‌तास भाजायची जुनी सिरॅमिक पद्धत आमच्याकडे जमत नाही. मफल भट्टी आहे, पण ती ९०० च्या वर जात नाही आणि उन्हाळ्यात लाईनचा भरवसा नसतो. म्हणून द्रावणातल्या ज्वलनाची पद्धत घेतली. धातूंची नायट्रेटं आणि युरिया पाण्यात विरघळवून तापवायचं, आतली आतच आग लागते आणि ऑक्साइड तयार होतं.

झिंक फेराइटसाठी घेतलेली वजनं: झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट २.९७ ग्रॅम, फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट ८.०८ ग्रॅम, युरिया ४.०० ग्रॅम. हिशोबाने २.४१ ग्रॅम फेराइट मिळायला हवं. द्रावण ५०० अंशांच्या भट्टीत ठेवलं. पाणी उडालं, द्रव घट्ट झाला, तपकिरी धूर आला, मग काठाशी एक लाल ठिणगी दिसली आणि ती सगळ्या लगद्यातून फिरत गेली. मुशीत हलकी, सच्छिद्र, विटकरी-तपकिरी पूड उरली.

अडचण अशी की पुस्तकात झिंक फेराइट सामान्य तापमानाला अनुचुंबकी सांगितलंय, म्हणजे साध्या चुंबकाने हलायला नको. माझी पूड कागदाखालून चुंबक फिरवला तर उभी राहते. एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासायला) नमुना पाठवायच्या आधी इथे, कॉलेजातच, काय काय तपासता येईल?

---

वैनगंगा_काठ

वजनं बरोबर आहेत. ती कशी आली ते धागा वाचणाऱ्या इतर मुलांसाठी लिहून ठेवतो, कारण आमच्या भागात ही पद्धत बरेच जण करतात आणि इंधनाचं प्रमाण पेपरमधून नुसतं उतरवून घेतात.

हिशोब रॉकेटच्या इंधनाचा आहे: नायट्रेटांची वजा आणि युरियाची अधिक संयुजा मिळून बेरीज शून्य व्हायला हवी. कार्बन +४, हायड्रोजन +१, ऑक्सिजन −२, नायट्रोजन शून्य, धातू आपापल्या संयुजेप्रमाणे. झिंक नायट्रेट: २ वजा १२, म्हणजे −१०. फेरिक नायट्रेट: ३ वजा १८, म्हणजे −१५, आणि ते दोन मोल, म्हणून −३०. एकूण −४०. युरिया: ४ − २ + ४ = +६. चाळीस भागिले सहा, म्हणजे ६.६७ मोल युरिया. ग्लायसिन वापरलं तर त्याचे +९, म्हणून ४.४४ मोल.

ही पद्धत आपल्याच देशातली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्स्ले आणि के. सी. पाटील यांनी १९८८ मध्ये ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरियापासून ॲल्युमिना केला. भट्टी फक्त ५०० अंशांची, पण ज्योतीचं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं, म्हणून काही मिनिटांत थेट अल्फा ॲल्युमिना हाती येतो. एरवी त्याला ११०० अंशांच्या वर भाजावं लागतं. लहान गावातल्या प्रयोगशाळेला हे मोठं वरदान आहे.

दोन सूचना मात्र कडक आहेत. तो तपकिरी धूर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा आहे, फुप्फुसाला वाईट. फ्यूम हूड (धूर बाहेर ओढणारं कपाट) चालू नसेल तर हा प्रयोग करूच नका. आणि हे प्रमाण वाढवून, दहापट घेऊन, कधीही जाळू नका.

आता चुंबकाविषयी. तुमच्यासमोर तीन संशयित आहेत.

पहिला: लोखंडाचा काही भाग झिंकशी जुळलाच नाही आणि मॅग्हेमाइट, म्हणजे गॅमा फेरिक ऑक्साइड म्हणून उरला. दुसरा: आगीत क्षणभर ऑक्सिजन कमी पडला, क्षपण झालं आणि मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं काळं चुंबकी ऑक्साइड, तयार झाला. इंधन जास्त पडलं की याची शक्यता वाढते. तिसरा: झिंक फेराइटच तयार झालं आहे, पण अणू पुस्तकातल्या जागांवर बसलेले नाहीत.

तिसरा सगळ्यात रंजक. म्हणूनच तो सगळ्यात शेवटी मान्य करायचा.

---

स्फटिक

मूळचा वणीचा, आता पुण्यात एक्सआरडीवर काम करतो. तिसऱ्या संशयिताबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

झिंक फेराइटची स्फटिकरचना स्पिनेल या प्रकारची असते. स्पिनेलमध्ये ऑक्सिजनच्या रचनेत धातूंना दोन प्रकारच्या जागा असतात. चार ऑक्सिजनांनी वेढलेली चतुष्फलकी आणि सहांनी वेढलेली अष्टफलकी. झिंकला चतुष्फलकी जागा आवडते. सगळं झिंक तिथे गेलं की लोखंड सगळं अष्टफलकी जागांवर. फेराइटांमध्ये जोरकस चुंबकी ओढाताण असते ती या दोन प्रकारच्या जागांमधल्या लोखंडांत. एका बाजूला लोखंडच नसेल तर ती ओढाताण नाही. म्हणून नियमित झिंक फेराइट साधारण १० केल्विनपर्यंत थंड केल्याशिवाय चुंबकीदृष्ट्या शिस्तीत येतच नाही, आणि आलं तरी प्रतिलोहचुंबकी होतं, म्हणजे शेजारच्या अणूंची चुंबकत्वं एकमेकांना रद्द करतात.

पण ज्वलनात सगळं काही सेकंदांत घडतं. अणूंना आपापली जागा शोधायला वेळ मिळत नाही. थोडं झिंक अष्टफलकी जागेवर अडकतं, तेवढंच लोखंड चतुष्फलकी जागेवर जातं, आणि ती ओढाताण सुरू होते. याला उलटेपणा म्हणजे इन्व्हर्शन म्हणतात. अशी पूड चुंबकाला चिकटते आणि तरीही ते शुद्ध झिंक फेराइटच असतं. दोन उपजाळ्यांच्या, म्हणजे दोन प्रकारच्या जागांच्या, असमान चुंबकत्वाची ही मांडणी लुई नेल यांची, १९४८ ची. त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. जुन्या रेडिओत अँटेनाची काळी कांडी असायची, तीही फेराइटचीच.

आता धोक्याची गोष्ट. मॅग्हेमाइट आणि मॅग्नेटाइट हेही स्पिनेलच. मॅग्हेमाइटची घनबाजू (स्फटिकातल्या एका घनाची बाजू) सुमारे ८.३५ अँगस्ट्रॉम, मॅग्नेटाइटची ८.४०, झिंक फेराइटची ८.४४. बारीक कणांच्या पुडीत रेषा इतक्या रुंद येतात की तिन्ही एकमेकांत मिसळतात. त्यामुळे जशीच्या तशी पूड एक्सआरडीला दिली, छापील पट्टीशी रेषा जुळल्या आणि 'झिंक फेराइट नॅनोकण तयार झाले' असं लिहून मोकळे झालात, तर काहीच सिद्ध होत नाही. असे प्रबंध मी खूप पाहतो आणि वाईट वाटतं, कारण मुलांनी कष्ट खरे केलेले असतात.

उपाय आहे. पूड ६०० अंशांवर दोन-तीन तास तापवा. मॅग्हेमाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही हवेत तापून हेमाटाइट, म्हणजे लाल लोह ऑक्साइड, होतात, आणि हेमाटाइट स्पिनेल नाही. तांब्याच्या किरणांनी त्याची मुख्य रेषा टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) ३३.२ अंशांजवळ वेगळी उभी राहते. ती दिसली तर आरोपी सापडला.

---

वैनगंगा_काठ

स्फटिक, बाकी पटलं, पण एक फट राहते. सुटं लोखंड ऑक्साइड असेल तर त्याच्या जोडीला सुटं झिंक ऑक्साइडही असणार, कारण प्रमाण एकास दोन घेतलं आहे. तापवताना ती दोघं एकमेकांशी जुळून झिंक फेराइट करतील आणि ३३.२ ची रेषा येणारच नाही. पुरावा भट्टीतच जळून जाईल.

म्हणून आधी धुवायचं, मग तापवायचं.

पूड सौम्य ॲसिटिक आम्लात, पाच टक्के पुरे, तासभर ढवळा. झिंक ऑक्साइड विरघळतं, फेराइट जवळजवळ तसंच राहतं. गाळून घ्या. गाळलेल्या पाण्याचा थोडा भाग काढून त्यात पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब टाका. रक्तासारखा लाल रंग आला तर लोखंडही विरघळतंय, म्हणजे आम्ल जास्त तीव्र झालं. रंग आला नाही तर उरलेल्या भागात अमोनिया बफर घालून पीएच १० करा आणि एरिओक्रोम ब्लॅक टी दर्शक घेऊन ईडीटीएने टायट्रेशन करा. सुटं झिंक किती होतं ते मिलिग्रॅममध्ये कळेल. पाण्याची कठिणता काढायची सगळी सामग्री प्रत्येक कॉलेजात असते, तीच इथे लागते.

झिंक निघून गेलं की सुट्या लोखंडाला तापवताना जोडीदार उरत नाही. मग ६०० अंश आणि मग एक्सआरडी.

---

मूस_आणि_भट्टी

मी रसायनवाला नाही. भद्रावतीकडे चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्टीवर आयुष्य गेलं. ग्लेझमध्ये लोखंड, कोबाल्ट, मँगनीजची ऑक्साइडं रोज हाताळली. पोरीला दोन गोष्टी सांगाव्या वाटतात.

एक, फेरिक नायट्रेटची बाटली. ते पाणी ओढतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर खडे पाझरून चिकट होतात. असल्या मालाचे ८.०८ ग्रॅम तोलले तर त्यात लोखंड कमी आणि पाणी जास्त येतं. मग झिंक उरणारच, आणि त्यावरून सुटं लोखंड उरलंय असं अनुमान काढता येणार नाही. आम्ही कच्चा माल आला की आधी थोडा जाळून पाहायचो. तू पण कर. एक ग्रॅम तोलून, झाकलेल्या मुशीत अगदी हळू तापव, नाहीतर उडतं. मग पूर्ण भाज आणि उरलेलं लाल ऑक्साइड तोल. कोरा माल असेल तर ०.१९८ ग्रॅम भरायला पाहिजे. कमी भरलं तर त्या प्रमाणात वजन वाढवून घे.

दोन, चुंबक 'चिकटतो' म्हणून चालत नाही, किती ओढतो ते मोजायला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक तराजूवर थर्माकोलचा उंच ठोकळा ठेव, त्यावर छोटा पण जोरदार चुंबक. ठोकळा उंच यासाठी की चुंबकाचा तराजूच्या आतल्या भागावर परिणाम होऊ नये. तराजू शून्यावर आण. वर स्टँडला बांधलेल्या छोट्या नळीत पूड, चुंबकापासून ठराविक अंतरावर. पूड चुंबकाला वर ओढते, तेवढं वजन कमी दिसतं. पुडीचं वजन आणि अंतर दर वेळी तेच ठेवलंस की दोन नमुन्यांची तुलना होते. स्टँड आणि क्लॅम्प लाकडाचा किंवा प्लास्टिकचा घे, लोखंडी नको.

---

झरी_जामणी

मी शेतकरी माणूस, मधातच बोलतो, माफ करजा. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड हाये, लेकराइच्या दातावर पिवये-तपकिरी पट्टे आले. पेपरात वाचलं होतं का असल्या ऑक्साइडच्या भुकटीनं फ्लोराइड निघते. ताई करून राह्यली ते पावडर पाण्यात टाकलं तर चालन का? अन् युरिया तं आमच्या घरी पोत्यानं हाये, थो चालते का या कामाले?

---

वैनगंगा_काठ

भाऊ, माफी कशाची. प्रश्न या धाग्यावरच्या सगळ्यात गरजेचा आहे.

ही पावडर पाण्यात अजिबात टाकू नका. तिच्यात नायट्रेट उरलेलं असू शकतं, झिंक सुटू शकतं, आणि इतके बारीक कण कापडाने गाळले जात नाहीत. प्रयोगशाळेत केलेलं कुठलंही ऑक्साइड पिण्याच्या पाण्यासाठी नसतं.

फ्लोराइड काढायला ऑक्साइड वापरतात ते सक्रिय ॲल्युमिना. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांची जागा फ्लोराइड घेतं. पण ते उत्तम चालतं साडेपाचच्या आसपास पीएच असताना. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी साडेसात-आठचं, त्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे क्षमता बरीच घटते. ठराविक पाणी गेलं की ते भरतं आणि कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा तयार करावं लागतं. कितीतरी गावांत अशी संयंत्रं बंद पडलेली दिसतात, कारण हे धुण्याचं काम नेमून दिलेलं कुणी नसतं. दुसरी पद्धत नालगोंडा तंत्र. ती आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठराविक मात्रेत टाकून, ढवळून, गाळ बसू द्यायचा. मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरते, अंदाजाने टाकायची नाही.

भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १.० मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. आधी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बाटली द्या. गावात जुनी उथळ विहीर असेल तर तिचंही पाणी द्या. बऱ्याच ठिकाणी खोल बोअरपेक्षा तिच्यात फ्लोराइड कमी निघतं, आणि तसं असेल तर लेकरांना प्यायला तेच. उकळून उपयोग नाही. पाणी उडतं, फ्लोराइड मागे राहतं, म्हणजे ते वाढतंच.

युरियाबद्दल: शेतातला युरिया २०१५ पासून सगळा निंबोळी तेलाचा थर दिलेला असतो. पिकाला चांगलं, प्रयोगाला नाही. तेल हेही इंधनच, त्यामुळे इंधनाचा सगळा हिशोब बिघडतो.

---

झरी_जामणी

समजलं सर. उद्याच दोन्ही पाण्याच्या बाटल्या देतो. उकळून देत होतो आम्ही, ते बंद करतो.

---

स्फटिक

तुमसर, तू विचारलेलं नाहीस पण सांगतो. अनपेक्षित गुणधर्म दिसला म्हणून प्रोजेक्ट फसला असं समजू नकोस. २००९ मध्ये ओरेगन स्टेट विद्यापीठात मास सुब्रमण्यन, आपल्या आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी, यांच्या गटाने यट्रियम, इंडियम आणि मँगनीजची ऑक्साइडं १२०० अंशांच्या आसपास भाजली. शोध चालला होता विद्युत-चुंबकी गुणांचा. भट्टीतून निघालं ते लख्ख निळं. यट्रियम इंडियम ऑक्साइड पांढरं, यट्रियम मँगनीज ऑक्साइड काळं, आणि दोन्ही मिसळून निळं! योगायोग इथे संपला. पुढचं सगळं काम मोजणीचं. मँगनीज पाच ऑक्सिजनांच्या दुहेरी पिरॅमिडमध्ये बसलंय आणि ती जागाच निळ्या रंगाचं कारण आहे, हे त्यांनी स्फटिकरचनेतून दाखवलं, म्हणून तो शोध झाला. तुमच्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आहे. मँगनीजची ऑक्साइडं किती रूपं घेतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

---

तुमसर_एमएस्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलं तसं आधी बाटलीच तपासली. एक ग्रॅम फेरिक नायट्रेटला ०.१८३ ग्रॅम ऑक्साइड भरलं. म्हणजे लोखंड सुमारे साडेसात टक्के कमी. पहिल्या पुडीत ॲसिटिक आम्लाने सुटं झिंक निघालंही, थायोसायनेटचा रंग न येता.

मग ८.०८ ऐवजी ८.७३ ग्रॅम घेऊन नवीन पूड केली. तिच्यात सुटं झिंक जवळजवळ नाही, नमुन्याशिवाय केलेल्या कोऱ्या टायट्रेशनइतकंच. आणि ही पूडही चुंबकाला तशीच ओढली जाते. धुतलेली पूड ६०० अंशांवर तापवली, रंग तांबडा झाला नाही. एक भाग ८५० अंशांवर ठेवून भट्टीतच रात्रभर सावकाश थंड होऊ दिला. तराजूवर मोजलं तर त्याची ओढ मूळ पुडीच्या कितीतरी खाली आली आहे. ६०० अंशांचा नमुना एक्सआरडीला दिला होता, ३३.२ ला रेषा नाही, बाकी सगळ्या स्पिनेलच्या.

तर आता तिसरा संशयित मान्य करू का?

---

स्फटिक

काम सुरेख झालंय. सुटं झिंक नाही, म्हणजे त्याच्या जोडीचं सुटं लोखंडही फारसं नाही. सावकाश थंड झाल्यावर ओढ कमी होणं हेही अणू आपल्या जागी परतल्याचंच लक्षण.

पण अजून 'मान्य' नाही, 'शक्यता बळकट' म्हण. साध्या एक्सआरडीत दोन-तीन टक्क्यांपेक्षा कमी भेसळ दिसत नाही, आणि मॅग्नेटाइट इतका जोरदार चुंबकी आहे की तेवढ्यानेही पूड चुंबकाकडे उभी राहते. इथे आकडा लागतो. मॅग्नेटाइटचं संपृक्त चुंबकत्व ग्रॅमला सुमारे ९२ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक). त्याचे तीन टक्के म्हणजे २.८ च्या आसपास. व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजायच्या यंत्रावर) तुझ्या पुडीचं चुंबकत्व याच्या बरंच वर आलं, समजा दहा, तर एक्सआरडीला न दिसणारी भेसळ तेवढं देऊच शकत नाही, आणि उलटेपणा मानल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन-तीनच आलं तर मात्र लोखंडाचे अणू कुठे, कसे बसलेत ते दाखवणाऱ्या मोसबाउअर वर्णपटाशिवाय निकाल लागणार नाही.

---

वैनगंगा_काठ

सहमत. व्हीएसएम आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या उपकरण केंद्रात करून मिळतं, विद्यार्थ्यांना दर कमी असतो. मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र लागेल. तीन नमुने पाठवा: मूळ धुतलेली पूड, ६०० ची, आणि ८५० ची सावकाश थंड झालेली. तिन्ही एकाच वेळी मोजून घ्या.

---

तुमसर_एमएस्सी

पत्र उद्याच घेते सर. नमुना किती लागतो आणि कशात भरू?

---

स्फटिक

प्रत्येकी पन्नास मिलिग्रॅम भरपूर झाले. प्लास्टिकच्या झाकणाच्या छोट्या कुप्यांत भर, काचेवर पेनाने लिहू नको, पुसलं जातं, चिकटपट्टी लाव. आणि स्टीलचा स्पॅच्युला तिन्ही नमुन्यांच्या जवळ आणू नको. त्यावरून घासून निघालेला लोखंडाचा कणही व्हीएसएमवर दिसतो. प्लास्टिकचा चमचा वापर, दर नमुन्याला नवा. कोऱ्या कुपीचंही एक मोजमाप मागून घे.